रीलमध्ये लाईन किती मावते ते कसं काढलं – माझा अनुभव

मासे गरवायची ब्रेड लाईन (बारीक धागे विणून केलेली दोरी) स्वस्त नाही, त्यामुळे रीलमध्ये नक्की किती मावते ते आधीच माहीत असलेलं बरं. कमी भरली तर लाईन स्पूलच्या (ती गुंडाळायच्या फिरकीच्या) काठावर घासत जाते आणि कास्ट, म्हणजे फेक, लांब पडत नाही. काठापर्यंत ठासून भरली तर एका वेळी चार वेटोळी सुटतात आणि विंड नॉट, म्हणजे लाईनचा गुंता, बसतो, मग तो सोडवत बसा खडकावर, तोपर्यंत भरती निघून जाते.

मला हे सगळं बसून काढावं लागलं कारण रेवदंड्याच्या खाडीत जिताडा गरवायला जे ४००० साईझचं स्पिनिंग रील घेतलं ते सेकंडहँड होतं, मशीन एकदम मस्त, ड्रॅग (मासा ओढताना लाईन हळूहळू सोडणारा ब्रेक) स्मूथ, पण स्पूलवर छापलेले कपॅसिटीचे आकडे पार घासून गेलेले. दुकानात विचारलं तर म्हणे १५० मीटरचा ब्रेड घ्या, बसेल. बसेल तर खरं, पण खाली बॅकिंग, म्हणजे ब्रेडखालचा भराव, किती घालायचं? ब्रेड नुसत्या स्पूलवर बांधला तर घसरतो, मासा ओढायला लागला की आपल्याला वाटतं ड्रॅग फिरतोय आणि खरं तर लाईनचा अख्खा गठ्ठाच स्पूलवर गरगर फिरत असतो. म्हणून खाली थोडा मोनो, म्हणजे आपला साधा तंगूस, हा पाहिजेच.

आधी एक गोष्ट, जी बऱ्याच जणांच्या डोक्यात उलटी बसलेली असते. समजा रीलवर लिहिलंय ०.३० मिमी – २०० मीटर. मग ०.१५ ची लाईन किती बसेल? बरेच जण पटकन ४०० म्हणतात. पण ८०० बसते! लाईन जागा खाते ती जाडीच्या वर्गाच्या हिशोबाने, जाडी निम्मी केली की जागा पाव होते. म्हणून ०.३० गुणिले ०.३० गुणिले २०० म्हणजे १८, हा १८ आकडा त्या रीलचा कायमचा, दुसरी कुठलीही लाईन घ्या, तिच्या जाडीच्या वर्गाने १८ ला भागा की मीटर मिळाले. जपानी रीलवर पीई नंबर (ब्रेडच्या मापाचे आकडे) असतात तिथे तर वर्गसुद्धा नको, कारण तो नंबर मुळात जाडीवर नाही, लाईनच्या वजनावर म्हणजे तिच्यात माल किती त्यावर ठरवलेला असतो. पीई २ – २०० मीटर असेल तर पीई १ बसणार ४०० आणि पीई ४ बसणार १००, सरळ गुणाकार भागाकार. ज्यांच्या रीलवर आकडे आहेत त्यांचं काम इथेच झालं.

माझ्याकडे आकडेच नव्हते म्हणून वर्कशॉपमधल्या मित्राकडून व्हर्नियर (बारीक मापं घ्यायचं साधन) आणलं आणि रिकामा स्पूल मोजला. काठाचा व्यास ५२ मिमी, पण काठापासून २ मिमी खालीच थांबायचं असतं, म्हणून दोन्ही बाजूचे मिळून ४ वजा करून ४८ धरला. आतला गाभा ३८, लाईन बसते ती रुंदी १९. (काही स्पूल एका टोकाला निमुळते असतात, तिथे गाभा दोन ठिकाणी मोजून सरासरी घ्या.) आता ४८ चा वर्ग २३०४, ३८ चा १४४४, फरक ८६०, त्याला ०.७८५ ने (पायचा चौथा भाग) आणि मग १९ ने गुणलं तर आले साधारण १२,८०० घन मिमी. ही झाली जागा. लाईन गोल असली तरी वेटोळ्यांच्या मधे फटी राहतातच, म्हणून ती चौकोनी असल्यासारखी धरून जाडीच्या वर्गानेच भागायचं. म्हणजे ०.३० ची लाईन माझ्या रीलमध्ये १४२ मीटरच्या आसपास.

आता ब्रेड. पाकिटावर लिहिलेलं ०.२० मिमी, पण ब्रेडच्या पाकिटावरच्या जाडीवर माझा अजिबात विश्वास नाही, बारीक आणि मजबूत दिसली की लाईन विकली जाते. म्हणून पेन्सिलीवर ५० वेढे चिकटून चिकटून घेतले, न ताणता, आणि पट्टी लावली तर भरले १३ मिमी. म्हणजे एक वेढा ०.२६! ब्रेड जरा चपटा होतो त्यामुळे हे माप तंतोतंत नसतं, पण ०.२० आणि ०.२६ मधला फरक तेवढ्याने भरून निघत नाही. हिशोब करून बघा, पाकिटाप्रमाणे १५० मीटर ब्रेडला ६,००० घन मिमी लागतात, मग ०.३५ चा तंगूस खाली ५५ मीटर घालावा लागेल. मोजलेल्या जाडीप्रमाणे ब्रेडलाच १०,१०० लागतात आणि बॅकिंगला उरते २२ मीटरची जागा. ५५ घातलं असतं तर ब्रेडचा शेवटचा बराच भाग हातात राहिला असता.

बावीस मीटर मोजायला टेप घेऊन अंगणात पळायची गरज नाही. रीलचा गिअर रेशो ५.२, म्हणजे हँडल एकदा फिरवलं की लाईन स्पूलभोवती ५.२ वेळा फिरते, आणि गाभ्याजवळचा घेर साधारण १२३ मिमी, म्हणजे एका फेरीला ०.६४ मीटर. मी ३४ फेऱ्या मोजून तंगूस कापला, ब्रेडला डबल युनी नॉटने जोडला, गाठ एका कडेला नीट दाबून बसवली आणि ओल्या फडक्यातून ताणून ब्रेड भरला. ताण महत्त्वाचा, सैल भरलेला ब्रेड कास्टला रुततो आणि जागाही जास्त खातो. शेवटचं टोक आलं तेव्हा काठ अडीच मिमी वर होता, मला तर फार बरं वाटलं, कागदावरचं गणित असं स्पूलवर उतरलेलं बघून.

ज्यांना आकडेमोड नको त्यांनी रीलमध्ये आधी ब्रेड भरावा, त्यावर हवा तेवढा तंगूस, मग सगळं काढून उलटं भरावं, पण त्याला दोन रिकामे स्पूल लागतात आणि एक संध्याकाळ जाते.

पुढच्या वेळी मी दर १० मीटरला रंग बदलणारा ब्रेड घेणार आहे. खडकावर घासून, गाठी कापून लाईन कमी होत जाते, आणि रंग मोजले की नक्की किती उरली ते स्पूल न उघडता कळतं.