बुडावर नाव नाही, मग तवा कुणाचा?

फोटो येतो जुन्या अमेरिकी बिडाच्या तव्याचा, आणि खाली ठरलेला प्रश्न: "बुडावर नुसता ८ आहे, नाव कुठेच नाही. ग्रिस्वोल्ड असेल का?" इतक्या जणांनी विचारलंत म्हणून एकदाच नीट लिहिते.

बहुतेक वेळा नसतो. पेनसिल्व्हेनियातल्या एरी गावच्या ग्रिस्वोल्ड कारखान्याच्या तव्यांना भाव मिळतो, म्हणून प्रत्येकाला आपला तवा तिथलाच हवा असतो. बिननावाचा माल त्यांनीही काढला, पण त्यातल्या 'आयर्न माउंटन' तव्यांच्या बुडावर चार आकडी नंबर असतो, नुसता ८ नाही. आणि हा ८ म्हणजे आठ इंच नव्हे. लाकूड-कोळशाच्या चुलीवरच्या भोकाचा तो नंबर. आठ नंबरी तवा वरून साधारण साडेदहा इंच भरतो.

तवा पालथा घाला. बुडाच्या मधोमध लांब, खरबरीत व्रण असेल तर बीड तिथून ओतलेलं आहे. गार झाल्यावर तिथे उरलेला बिडाचा तुकडा तोडून ती जागा घासली. असा तवा बहुधा एकोणिसाव्या शतकातला, आणि त्याचा कारखाना शोधायच्या फंदात मी पडत नाही.

व्रण नसेल तर बुडाभोवतालचं उठलेलं कडं बघा. त्याला तीन खाचा असतील तर टेनेसीतला लॉज. अंक आडवा पडलेला आणि त्याखाली रेघ असेल तर विस्कॉन्सिनचा व्होलराथ. 'मेड इन यूएसए' दिसलं तर तवा साधारण १९६० नंतरचा, मग विकणारा 'पणजीचा आहे' म्हणो की आणखी काही.

खरी गंमत पुसट अक्षरांची. काही कारखाने दुसऱ्याचा तयार तवाच नमुना म्हणून साच्याच्या वाळूत दाबत, आणि मूळ नाव अर्धवट उमटून येई. ओहायोतल्या वापाकच्या (१९०३ ते १९२६) काही तव्यांवर असं 'एरी', म्हणजे ग्रिस्वोल्डच्या गावाचं नाव, दिसतं. मीही एकदा अशाच पुसट 'एरी'वर भाळून तवा घेतला. घरी नाव असलेल्या खऱ्या तव्याशेजारी ठेवला, तर व्यास जवळजवळ तीन मिलिमीटरने कमी! बीड थंड होताना सुमारे एक टक्का आकसतं, म्हणून तव्यावरून ओतलेला तवा मूळ तव्यापेक्षा लहानच निघतो. पट्टी खोटं बोलली नाही, माझी हौस बोलली.

तेव्हा फोटो पाठवाल तर बुडाचा पाठवा, बॅटरीचा उजेड बाजूने तिरपा टाकून. दांड्याचा वरून आणि खालून, भोकासकट. व्यास मिलिमीटरमध्ये लिहा. आणि राप काढायला तवा विस्तवात टाकू नका. वाकडा झालेला तवा घेऊन आलात तर कारखाना सांगेन, पण तवा वाचवता येणार नाही.