इंदूरचा सराफा: कधी जावं, कुठल्या क्रमाने खावं

हिवाळ्यातल्या या फेरीत मुक्काम राजवाड्यापासून पायी अंतरावर ठेवला. पुढे जाणाऱ्यांनीही तेच करावं. होळकरांचा सात मजली राजवाडा दिवसाउजेडी बघून घ्या. खालचे तीन मजले दगडी, वरचे लाकडी. त्याच्या मागच्या बाजूलाच सराफा.

दिवसभर इथे सोन्याचांदीच्या पेढ्या चालतात. त्यांची शटरं खाली आली की त्याच ओट्यांवर आणि समोर खाण्याच्या गाड्या लागतात. म्हणून संध्याकाळी सातला पोचून उपयोग नाही. साडेनवाच्या सुमारास जा, मध्यरात्र उलटेपर्यंत बाजार चालतो. शनिवार-रविवारी मुंगीच्या पावलाने सरकावं लागतं. बरोबर लहान मुलं किंवा वयस्कर मंडळी असतील तर मधला वार निवडा. गाडी लांबच लावा. बसायला जागा जवळपास नाहीच, खाणं उभ्यानेच.

दुपारी हलकं जेवा, रात्रीच्या जेवणाला सुट्टी द्या आणि चौघांत एकच प्लेट घ्या. सराफ्यात खरा घोटाळा होतो तो क्रमाचा. गल्लीत शिरताच शिकंजी घेतली की पुढचं सगळं राहून जातं, कारण इथली शिकंजी म्हणजे लिंबूपाणी नव्हे. आटवलेलं दूध, केशर, वेलची आणि सुकामेवा घातलेलं ते दाट पेय लहान ग्लासातही पोट भरतं. ती अगदी शेवटी.

सुरुवात भुट्ट्याच्या किसाने करावी. कणसं किसून तुपाच्या फोडणीत हिरव्या मिरचीबरोबर परततात, मग दूध घालून ते आटेपर्यंत शिजवतात. वर लिंबू, खोबरं, कोथिंबीर. कढईतून निघाल्या निघाल्या खा, गार झाला की त्याचा गोळा होतो. मग गराडू. हा कोनफळाच्या जातीचा कंद फक्त थंडीत मिळतो आणि त्यासाठी थंडीतच जावं, इतका तो चांगला लागतो. एकदा तळलेल्या फोडींचा ढीग गाडीवर असतो. मागितल्यावर त्या पुन्हा तेलात सोडतात. तेल नीट तापलेलं नसेल तर फोडी तेल पितात, म्हणून गिऱ्हाईक जास्त असलेली गाडी बघा. वर लिंबू आणि जिरावण: जिरं, धणे, बडीशेप, आमचूर, काळं मीठ, हिंग यांचा आंबट-तिखट मसाला.

साबुदाण्याची खिचडी आपल्यासारखी तुपात परतलेली नसते. वाफवलेला साबुदाणा समोरच मसाला, फराळी चिवडा आणि लिंबू घालून कालवतात. मोकळी, चटपटीत लागते. दाण्याच्या कुटाची अपेक्षा ठेवून जाऊ नका. खोबऱ्याचं सारण भरलेलं खोपरा पॅटिस आणि जोशींचा दहीबडा त्यानंतर. दहीबड्याचा द्रोण हवेत उडवून झेलतात, ते बघायला गर्दी होते. रांग मात्र पटापट सरकते. गोडात जलेबा, म्हणजे भली मोठी जिलेबी, मागवताना वजन आधी विचारा, एकच वेटोळं चौघांना पुरतं. गुलाबजामपेक्षा खव्याची मावाबाटी जड, तेव्हा दोन्ही घेऊ नका.

सकाळी पोहे-जिलेबी. पोहे गरम पाण्याच्या भांड्यावर ठेवलेले असतात, त्यामुळे मऊ राहतात. वर शेव, कांदा, जिरावण. तिखट हवं असेल तर उसळ-पोहे सांगा.