मिक्सर लावू नकोस, बायोस चालू आहे

माझा पीसी २०१९ चा. कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला प्रोजेक्टच्या नावाखाली बाबांकडून उकळलेला. रायझन ३ २२००जी प्रोसेसर, बी४५० चिपसेटचा मदरबोर्ड, ८ जीबी रॅमची एकच स्टिक आणि २४० जीबीची एसएसडी. वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. प्रोसेसरच्या पोटात जे वेगा ८ ग्राफिक्स असतं त्यावरच प्रोजेक्ट झाला, लॉकडाउन झालं, वर्क फ्रॉम होम झालं आणि रात्री साडेदहानंतरचा व्हॅलोरंट गेमही झाला. माझी काही तक्रार नव्हती. तक्रार होती धाकट्या भावाची. तो सांगलीला असतो आणि आमच्या गप्पा गेम खेळतानाच होतात. "ताई, एल्डन रिंग घे ना. एकटा मरून मरून कंटाळलो."

गेमची किमान गरज वाचली: १२ जीबी रॅम, रायझन ३ ३३००एक्स, ३ जीबीचं जीटीएक्स १०६० ग्राफिक्स कार्ड. तिन्ही विषयांत नापास.

२०२४ च्या दिवाळीला बोनस आला. त्यातले ३० हजार यासाठी, असं मी घरात जाहीर केलं. आई म्हणाली, "एवढ्यात वॉशिंग मशीन आलं असतं." आलं असतंच.

माझ्या डोक्यात सरळ हिशोब होता, ३० हजारांचं ग्राफिक्स कार्ड घ्यायचं आणि विषय संपवायचा. नशिबाने त्याआधी एक संध्याकाळ मशीन नेमकं कुठे अडतंय ते बघण्यात घालवली. पद्धत साधी आहे. गेममध्ये फ्रेम्सचा, म्हणजे दर सेकंदाला पडद्यावर येणाऱ्या चित्रांचा, आकडा कोपऱ्यात दिसेल असं करायचं आणि रिझोल्यूशन खाली आणत जायचं. फ्रेम्स वाढल्या तर ग्राफिक्स कमी पडतंय, नाही वाढल्या तर प्रोसेसर. जीटीए फाइव्हमध्ये डोंगरात, वाळवंटात रिझोल्यूशन उतरवलं की फ्रेम्स झपाझप वाढायच्या. पण शहरात भर ट्रॅफिकमध्ये शिरलं की ७२० वर आणून, सगळं किमान करूनही आकडा तिथेच अडकायचा आणि प्रोसेसरचे चारही कोअर शंभर टक्क्यांवर. म्हणजे दुखणं दोन्हीकडे होतं. नुसतं कार्ड टाकलं असतं तर डोंगरात राणी, शहरात भिकारीण.

पहिला खर्च मात्र तिसऱ्याच गोष्टीवर झाला. रॅमची दुसरी ८ जीबीची स्टिक, १,७०० रुपये. प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते आपल्याच रॅममधून उचलतं. एकच स्टिक असेल तर ही ये-जा एका रस्त्याने होते, दोन असतील तर दोन रस्त्यांनी. स्टिक बसवल्यावर व्हॅलोरंट इतकं सुधारलं की दोन दिवस मी बाकीचं सगळं रद्दच करणार होते. पाच वर्षांपूर्वी दुकानदाराने ८ ची एक देण्याऐवजी ४ च्या दोन दिल्या असत्या तर?

मग प्रोसेसर. ऑफिसमधल्या दोघांचं म्हणणं, "जुनं विकून टाक, डीडीआर५ रॅमवालं नवीन घे." पण त्यात बोर्ड बदलला, रॅम बदलली, म्हणजे कार्डाला पैसेच उरत नाहीत. माझा एएम४ सॉकेटचा (प्रोसेसर बसतो ती जागा म्हणजे सॉकेट) बोर्ड या बाबतीत भाग्यवान निघाला. २०२० च्या मे महिन्यात रायझन बनवणाऱ्या एएमडीने आधी सांगितलं होतं की पुढचे झेन ३ पिढीचे प्रोसेसर माझ्यासारख्या ४०० मालिकेच्या बोर्डांवर चालणार नाहीत. लोकांनी एवढा गहजब केला की दोन आठवड्यांच्या आत कंपनीने शब्द मागे घेतला. त्या न पाहिलेल्या भांडखोर मंडळींची मी ऋणी आहे, कारण त्यांच्यामुळेच माझ्या जुन्या बोर्डावर रायझन ५ ५६०० बसू शकला: ६ कोअर, १२ थ्रेड, तेवढाच ६५ वॅटचा. ५६००जी पण बघितला होता, त्यात ग्राफिक्स असतं. पण त्याची एल३ कॅश, म्हणजे प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी, ५६०० च्या निम्मी, १६ एमबी. कार्ड घ्यायचंच होतं, मग त्या ग्राफिक्सचे पैसे कशाला?

शनिवारी सकाळी डोंबिवलीहून निघाले, दादरला गाडी बदलली आणि ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोड गाठला. कागदोपत्री तो डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे, पण त्या नावाने विचारलं तर तिथला दुकानदारही क्षणभर गोंधळेल. पहिल्या दुकानात स्वागत झालं, "मॅडम, भाई के लिए ले रहे हो?" मी म्हटलं, भाई सांगलीला आहे, त्याच्याकडे आहे.

त्यांनी आधी आरएक्स ५८० काढून दाखवलं. ८ जीबी, ७ हजार, "एकदम नया पीस". खोका कोरा होता, कार्डाच्या पट्टीवरचे स्क्रू मात्र घासलेले. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाचं ग्राफिक्स कार्डांवर चालणारं मायनिंग बंद झालं तेव्हा रात्रंदिवस राबलेली अशी कार्डं ढिगाने बाजारात आली आणि धुऊन-पुसून अजूनही फिरतायत. मी कार्ड मशीनला लावून दाखवायला सांगितलं आणि जीपीयू-झेड हे कार्डाची कुंडली दाखवणारं सॉफ्टवेअर उघडायला लावलं. शेडर्सचा, म्हणजे कार्डातल्या चित्र रंगवणाऱ्या छोट्या भागांचा, आकडा २०४८. अस्सल ५८० ला २३०४ असतात. २०४८ वालं म्हणजे नाव ५८० चं आणि अंग ५७० चं. दुकानदार जराही ओशाळला नाही. "गेम तो चलेगा ना, मॅडम."

दुसऱ्या दुकानात नवं कोरं आरएक्स ६५०० एक्सटी, साधारण १४ हजार. बिल, तीन वर्षांची वॉरंटी, मोह पडावा असंच. पण हे कार्ड मदरबोर्डशी पीसीआय एक्सप्रेस नावाच्या रस्त्याच्या फक्त ४ लेनने बोलतं आणि मेमरी ४ जीबी. बोर्ड पीसीआय एक्सप्रेस ४ चा असेल तर निभतं. बी४५० हा ३ चा, म्हणजे प्रत्येक लेनचा वेग निम्मा. मेमरी भरली की त्याच अरुंद बोळातून सगळी वाहतूक. आरएक्स ६६०० ला ८ लेन आणि ८ जीबी मेमरी, जुन्या बोर्डावर त्याचं फार बिघडत नाही. पण नवं ६६०० तेव्हा २० हजारांच्या वर होतं. म्हणून त्या दिवशी मी प्रोसेसर १०,२०० ला घेतला, थर्मल पेस्टची ट्यूब अडीचशेला, आणि कार्डाविना परतले.

एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा डबाही तिथेच घेतला, पण त्याआधी वाद झाला. माझा जुना एसएमपीएस कॅबिनेटबरोबरच आलेला, वर ठसठशीत "४५० वॅट". निघण्यापूर्वी टॉर्च लावून बाजूचं लेबल वाचलं होतं. १२ व्होल्टच्या रकान्यात १६ अँपिअर. गुणाकार केला: १९२ वॅट. कार्ड आणि प्रोसेसर दोघंही १२ व्होल्टवरच जगतात. ६६०० एकटं १३२ वॅटचं, प्रोसेसर ६५ चा, झाले १९७. अजून पंखे, डिस्क बाकीच. शिवाय कार्डाला लागणारा ८ पिनचा कनेक्टर त्याला नव्हताच. दुकानदार म्हणाला, दीडशे रुपयांचा कन्व्हर्टर लावा, सगळे लावतात. सगळ्यांच्या घरी काय जळतं मला माहीत नाही. मी ५५० वॅटचा ब्राँझ रेटिंगवाला घेतला, ३,९००. या पैशाचा गेममध्ये एक फ्रेमही दिसत नाही, आणि तरी सगळ्या खरेदीत मला याचंच सर्वांत बरं वाटतं.

कार्ड आठवड्याने ठाण्याला मिळालं. एक मुलगा परदेशी शिकायला चालला होता. डिसेंबर २०२२ चं बिल, वॉरंटीचं एक वर्ष शिल्लक, १४ हजार. मी त्याच्या घरी गेले. त्याच्या आईने पोहे दिले, तेवढ्या वेळात आम्ही कार्डाला दमवून बघणारं फरमार्क लावून ठेवलं. पंधरा मिनिटं पडद्यावर ठिपके नाहीत, पंख्याची घरघर नाही, जीपीयू-झेडमध्ये शेडर्स १७९२, म्हणजे बरोबर. बिलावरचा आणि कार्डावरचा सिरियल नंबर जुळवला आणि मगच पैसे पाठवले. पोहे खाऊन घासाघीस करणं मला जमलं नाही.

आता खरी परीक्षा होती. बायोस म्हणजे बोर्डावरच साठवलेलं, मशीन सुरू करणारं सॉफ्टवेअर. ५६०० ला जुना बायोस ओळखत नाही, म्हणून जुना प्रोसेसर बसलेला असतानाच बायोस नवा करून घ्यायचा. हा क्रम चुकला तर नवा प्रोसेसर लावून काळ्या पडद्याकडे बघत बसायचं. पेन ड्राइव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट केला, बोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या पानावरून फाइल घेतली. मॉडेलच्या नावातलं शेवटचं अक्षरसुद्धा दोनदा तपासलं. भीती एकच, मध्येच वीज गेली तर बोर्ड कायमचा मरू शकतो. आमच्याकडे इन्व्हर्टर नाही आणि मिक्सर लावला की कधीकधी एमसीबी पडतो. म्हणून रविवारी सकाळी साडेसहाला स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून सांगितलं, "आई, दहा मिनिटं मिक्सर लावू नकोस, बायोस चालू आहे." आईने हातातली चटणीची वाटी खाली ठेवली आणि विचारलं, "कुणाचा?"

पट्टी शंभर टक्क्यांवर जाईपर्यंत मी श्वास धरून होते. मशीन दोनदा आपोआप बंद-चालू झालं आणि विंडोज उघडलं. मिक्सरला परवानगी दिली.

पुढची चूक सर्वस्वी माझी. कूलरचे चारही स्क्रू थोडे थोडे आळीपाळीने सैल केले, इथवर ठीक. मग कूलर सरळ वर उचलला. पाच वर्षांत पेस्ट वाळून डिंक झालेली, त्यामुळे कूलरबरोबर प्रोसेसरही सॉकेटमधून उपटून वर आला, लॉकची दांडी खाली असताना. एएम४ च्या प्रोसेसरला खालून १३३१ पिना असतात. मी उलटा करून बघितला, दोन वाकलेल्या. आधी दहा मिनिटं गेम चालवून पेस्ट गरम करायची आणि कूलर डावी-उजवीकडे हलकेच पिळत सोडवायचा, हे मी वाचलेलं होतं. फक्त सकाळी साडेसहाला आठवलं नाही. सॉकेटला काही झालं नव्हतं आणि वाकला तो जुना प्रोसेसर होता, एवढंच समाधान. लीड काढलेल्या ०.५ च्या पेन्सिलीचं टोक पिनेवर चढवून दोन्ही हळूहळू सरळ केल्या. हात थरथरत होते, म्हणून मध्ये चहा घेतला.

नवा प्रोसेसर मात्र सॉकेटवर ठेवला आणि स्वतःच खाली बसला. त्रिकोणाला त्रिकोण जुळवायचा आणि जोर अजिबात द्यायचा नाही. वाटाण्याएवढी पेस्ट, कूलर, एसएमपीएसच्या वायरी, कार्ड. कार्डाच्या वाटेत हार्ड डिस्कचा रिकामा पिंजरा येत होता, तो काढून माळ्यावर टाकला.

बटण दाबलं. पंखे फिरले, कार्डाचा दिवा लागला, पडदा काळा.

पाऊण तास. रॅम काढून घातली, कार्ड काढून घातलं, बोर्डाचा सेल काढून बसवला. शेवटी भावाला व्हिडिओ कॉल केला आणि मोबाइल पीसीच्या मागून फिरवला. तो म्हणाला, "ताई, केबल कुठे लावलीयेस?" पाच वर्षांच्या सवयीने एचडीएमआय मदरबोर्डाला लावली होती. ५६०० ला ग्राफिक्सच नाही, तिथून चित्र येणार कुठून! केबल खाली कार्डाला लावली. त्याने ही गोष्ट सांगलीत किती जणांना सांगितली ते मी विचारत नाही.

मग पडद्यावर इंग्रजीत एक घाबरवणारा निरोप आला: नवा प्रोसेसर दिसतोय, एफटीपीएम रिसेट करायचं असेल तर वाय दाबा, बिटलॉकर चालू असेल तर रिकव्हरी की शिवाय मशीन सुरू होणार नाही. एफटीपीएम म्हणजे प्रोसेसरमधली गुप्त किल्ल्यांची तिजोरी आणि बिटलॉकर म्हणजे विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप. माझं बिटलॉकर बंद होतं, आदल्या रात्रीच बघून ठेवलं होतं. वाय दाबलं. ज्यांचा ऑफिसचा डेटा घरच्या पीसीवर आहे त्यांनी हे आधी तपासावं, नाहीतर तिथेच बसायची वेळ येईल.

आणि त्याच बायोसच्या पानावर रॅमचा वेग दिसला: २४००. माझ्या दोन्ही स्टिकांवर ३२०० छापलेलं आहे. एक्सएमपी नावाचा पर्याय चालू केल्याशिवाय त्या आपल्या छापील वेगाने धावतच नाहीत, आणि तो पाच वर्षांत कुणीच चालू केला नव्हता. दुकानदाराने नाही आणि मीही नाही. दोन कळा दाबल्या, फुकटात ३२००.

एल्डन रिंग पीसीवर ६० फ्रेम्सच्या वर जातच नाही, तशी मर्यादाच घातलेली आहे. १०८० वर हाय सेटिंगला माझा आकडा बहुतेक वेळ त्या ६० ला चिकटून असतो. जीटीएमध्ये शहरातही ७५, आणि माझा मॉनिटरच ७५ हर्ट्झचा असल्यामुळे पुढचं मला दिसणारही नाही. प्रोसेसरबरोबर आलेला कूलर जोरात ओरडतो. हेडफोन लावले की ऐकू येत नाही, आईला येतो.

सगळे मिळून ३०,०५० झाले. जुना २२००जी विकायला काढला तेव्हा अंबरनाथचा एक कॉलेजातला मुलगा तयार झाला, २,२०० ला. डोंबिवली स्टेशनवर पुलाखाली भेटलो. त्याने डबी उघडली, मोबाइलचा टॉर्च लावला आणि पिनांच्या रांगा एकेक बघू लागला. मी आपणहून सांगितलं की कोपऱ्यातल्या दोन वाकल्या होत्या, सरळ केल्यात, नंतर आठवडाभर मैत्रिणीच्या बोर्डावर चालवून बघितलाय. तो थोडा विचारात पडला. मी दोनशे कमी केले.

त्याने गूगल पे केलं, डबी सॅकच्या आतल्या कप्प्यात ठेवली आणि विचारलं, "ताई, रॅम एक घेऊ का दोन?"

"चारच्या दोन," मी म्हटलं. "आणि एक्सएमपी चालू कर."