साडेआठ हजारांची हीट प्रेस

गेल्या आषाढात आमच्या भांडुपच्या गोविंदा पथकाने चाळीस टी-शर्टची ऑर्डर देऊ केली, तेव्हा माझ्याकडे फक्त शिलाई मशीन होती. भिशीचे नऊ हजार नुकतेच हातात आले होते. टी-शर्टवर डिझाइन उष्णतेने दाबून उठवायला हीट प्रेस मशीन लागते. 15 बाय 15 इंचाच्या नव्या हीट प्रेसचे जे भाव मला सांगितले, ते ऐकून सेकंडहँडच घ्यायची हे तिथेच ठरलं.

पहिली मशीन कुर्ल्याला पाहिली. साडेसहा हजार, वरून नवा रंग मारलेला. दहा-बारा मिनिटांत तापमानाचा आकडा 190 वर गेला आणि मी पर्स उघडली. सोबत मामेभाऊ होता, तो वायरमन आहे. म्हणाला, "ताई, थांब. आकडा कंट्रोलर दाखवतोय. प्लेट किती तापलीय ते कुठे बघितलंस?"

माझ्याकडे कागदावर छापलेले काळ्या रंगाचे सब्लिमेशन प्रिंट होते आणि पांढरं पॉलिस्टरचं कापड. चार कोपऱ्यांत चार तुकडे, एक मधे, वर बटर पेपर ठेवून पन्नास सेकंद दाबलं. चार तुकडे गडद काळे उठले. पुढचा डावा कोपरा मात्र पाण्यात शाई सांडावी तसा राखाडी. सब्लिमेशनची शाई साधारण 190-200 अंशांना वायू होऊन पॉलिस्टरमध्ये शिरते. जिथे प्लेट थंड, तिथे ती कागदावरच राहते. विकणारे म्हणाले, त्या बाजूला जरा जास्त वेळ दाबा. पण वरची प्लेट एकच असते. एका कोपऱ्यासाठी वेळ वाढवला तर बाकीचं कापड पिवळं पडणार. चाळीस टी-शर्टमध्ये पथकाच्या नावाचं पहिलं अक्षर फिकं आलं असतं तर मी कुणाला तोंड दाखवलं असतं? हात जोडून निघालो.

दुसरी मशीन परळला, छपाईचं काम करणाऱ्या एका काकांकडे. दिसायला गबाळी. हँडलची मूठ गेलेली, त्यावर सायकलची ट्यूब गुंडाळलेली, खालचा सिलिकॉन पॅड मधे दबलेला. दाब सगळीकडे सारखा बसतो का ते बघायला आधी मशीन थंड असतानाच चारही कोपऱ्यांत कागदाच्या पट्ट्या ठेवून दाबलं आणि एकेक ओढून पाहिली. मागच्या दोन घट्ट, पुढच्या किंचित सैल. काका म्हणाले, "पॅड दबलाय, प्लेट सरळ आहे. नवीन पॅड टाक, सगळ्या सारख्या होतील."

मग तापवली. पाचही ठिपके एकसारखे उठले, पण सगळेच थोडे फिके. भावाने इन्फ्रारेड थर्मामीटर धरला, तर 190 च्या आकड्याला प्लेट 175 च्या आसपास. (प्लेटला काळं कोटिंग होतं म्हणून हे माप धरलं; चकचकीत धातूवर तो थर्मामीटर चुकीचं, कमीच दाखवतो.) मी हिरमुसले, भाऊ मात्र खूश. सगळीकडे सारखंच कमी असेल तर आकडा वाढवून लावायचा, नाहीतर कंट्रोलर बदलायचा. पॅड, मूठ, वायर, कंट्रोलर सगळं बाजारात मिळतं. आतली कॉइल एका बाजूने गेली तर अख्खी प्लेटच बदलावी लागते, मग स्वस्तात घेऊन उपयोग काय? शेवटी त्याने टेस्टर मशीनच्या बॉडीला लावला, दिवा लागला नाही, म्हणजे बॉडीत करंट उतरत नव्हता. काकांनी आठ हजार सांगितले, मी सात म्हटलं, साडेसातला दिली, वर दोन टेफ्लॉन शीट.

दुपारच्या स्लो लोकलच्या मालडब्यातून दोघांनी ती भांडुपला आणली. पॅड आणि नवा पॉवर पॉइंट धरून साडेआठ हजार झाले. पॉवर पॉइंट टाळू नका. माझी मशीन 1800 वॅटची आहे, म्हणजे जवळजवळ आठ अँपिअर. पंख्याच्या साध्या सॉकेटवर ती लावायचीच नाही.

पथकाचे टी-शर्ट पिवळे ठरले. सब्लिमेशनचे रंग पांढऱ्या कापडावरच खरे उठतात, त्यामुळे ते बाद आणि डीटीएफ प्रिंट (फिल्मवर छापलेले, कापडावर दाबून चिकटवायचे) बाहेरून करून आणले. पहिला टी-शर्ट दाबून फिल्म सोलताना माझा श्वास अडकला होता. डाव्या कोपऱ्यापासून सोलायला सुरुवात केली. अक्षर पूर्ण चिकटलं होतं, कडेला नख लावूनही उचललं गेलं नाही. काकांना फोटो पाठवला. त्यांचा लगेच फोन आला, "मूठ बदललीस का गं?"

अजून नाही बदललेली. ती ट्यूब हाताला छान बसते.