साखळी सोन्याची, काम बाकड्याचं

इंग्लंडमधल्या आमच्या गावच्या मेयरना मी पहिल्यांदा बघितलं ते नोव्हेंबरातल्या एका रविवारी, युद्धस्मारकापाशी. लाल झगा, झग्याला फर, गळ्यात ही एवढी साखळी, पुढे एक जण खांद्यावर चांदीचा राजदंड घेऊन, मागे काळ्या गाऊनमध्ये टाउन क्लार्क, म्हणजे काउन्सिलचा सचिव. मी आपली बाजूला सरकून उभी राहिले, म्हटलं हा माणूस इथला फार मोठा कुणीतरी दिसतोय. नंतर कळलं की ह्यांच्या ताब्यात काय आहे तर बाकडी, बसथांब्याची शेड, स्मशानभूमी, चौकातलं घड्याळ आणि भाजीचे वाफे.

गावाचं नाव सांगत नाही, सगळी ओळखीची माणसं आहेत. ऑक्सफर्डहून बसने पाऊण तास, एवढं पुरे. काउन्सिल टॅक्सचं, म्हणजे आपल्या घरपट्टीसारखं, बिल येतं त्यात चार ओळी असतात: काउंटी (आपला जिल्हा समजा), पोलीस, डिस्ट्रिक्ट (तालुका समजा) आणि सगळ्यात खाली, सगळ्यात छोटा आकडा, गावची टाउन काउन्सिल. रस्त्यातला खड्डा काउंटीचा, घरचा कचरा डिस्ट्रिक्टचा, घर वाढवायची परवानगीही डिस्ट्रिक्टचीच, टाउन काउन्सिलने फक्त आपलं मत कळवायचं, ऐकायचं की नाही ते वरचे ठरवणार. घरातल्या आजोबांना विचारतात ना, तसं. विचारल्याशिवाय राहत नाहीत आणि विचारून फारसं काही होत नाही.

हे सगळं मला नीट कळलं ते सासऱ्यांमुळे. आप्पा सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावी दोन टर्म ग्रामपंचायतीचे मेंबर होते. २०२३ च्या मे महिन्यात इकडे आले, आणि नेमकी ४ तारखेला इथली निवडणूक. मी माझा भारतीय पासपोर्ट घेऊन मतदानाला निघाले तर आप्पा बघतच राहिले. "तू हितली नागरिक झालीस?" नाही हो आप्पा, कॉमनवेल्थमधल्या माणसाला इथे राहायचा व्हिसा असला की मत देता येतं. त्यांना ते पटेचना. परक्या देशात, परक्या पासपोर्टवर, मत! मग दुसरा धक्का, की ह्या मेंबरांना पगार नाही, आणि बरेचदा जागा जास्त नि उमेदवार कमी असं होतं, मग मतदानच होत नाही, उरलेल्या जागांवर आतल्यांनीच कुणालातरी बोलावून बसवायचं. आप्पांच्या गावात सरपंचपदासाठी भावकी फुटते, सख्खे भाऊ दोन दोन वर्षं एकमेकांच्या दारात जात नाहीत. "म्हंजे हितं हात जोडून मेंबर करत्यात?" साधारण तसंच.

मग म्हणाले मीटिंग बघायचीच. मीटिंगचा कागद तीन पूर्ण दिवस आधी बोर्डावर लागावा लागतो, कायदाच आहे, आणि कुणीही जाऊन बसावं. आम्ही गेलो. राजदंड आत आला, सगळे उभे राहिले, तो टेबलावर ठेवला, सगळे बसले. सुरुवातीला लोकांना बोलायला तीन तीन मिनिटं. आणि मग विषय क्रमांक सात, बसथांब्याजवळचं बाकडं. बाकड्याला पाठ असावी का, हाताला टेकायला असावं का, लाकडाचं घ्यावं की प्लास्टिक वितळवून केलेलं, तोंड रस्त्याकडे की नदीकडे. पंचवीस मिनिटं चाललं हो! एक बाई म्हणाल्या नदी छान दिसते पण मग बस आलेली दिसणार नाही. दुसरे म्हणाले बस तशीही वेळेवर येत नाही, निदान नदी तरी दिसेल. हात वर करून मतदान झालं, रस्ता जिंकला. आप्पांना मी हळूच सगळं सांगत होते, त्यांनी एकच प्रश्न विचारला, "ठेका कुणाला?" म्हटलं आप्पा, एका बाकड्याचा काय ठेका. तर म्हणाले, ठेका लहान नसतो, मेंबर लहान असतो. ह्यावर काय बोलणार.

आता ही अशी अवस्था का झाली, तर इथली कितीतरी गावं जुन्या काळी बरो होती, राजाची सनद असलेली, स्वतःचा कारभार स्वतः बघणारी. १९७२ चा कायदा झाला, तो १९७४ च्या १ एप्रिलला लागू झाला (हो, १ एप्रिलच), आणि खरा कारभार वरच्या डिस्ट्रिक्टकडे गेला. खाली उरली ती खेड्यांना १८९४ पासून असते तसली पॅरिश काउन्सिल, फक्त तिला ठराव करून स्वतःला टाउन म्हणवून घ्यायची आणि अध्यक्षाला मेयर म्हणायची मुभा. पाटीलकी गेली पण पाटलाचा फेटा राहिला म्हणा. झगे, साखळ्या, राजदंड सगळं राहिलं, आणि मला तर वाटतं जेवढं काम कमी झालं तेवढं ते जास्त निगुतीने सांभाळलं गेलं. आमच्या मेयरांच्या साखळीच्या कड्यांवर आधीच्या मेयरांची नावं कोरलेली आहेत, आणि ते ती घालायच्या आधी रुमालाने पुसतात, हे मी स्वतः बघितलंय.

जवळच ॲबिंग्डन आहे, तिथली टाउन काउन्सिल तर राजघराण्यात काही मोठं झालं की म्युझियमच्या गच्चीवरून लोकांवर बन फेकते. मनुक्यांचे गोड बन, हजारोंनी. अठराव्या शतकापासून, तिसऱ्या जॉर्जच्या राज्याभिषेकापासून चालू आहे म्हणे. चार्ल्स राजाच्या वेळी आप्पा इथेच होते, मग काय. वर झगे घातलेले काउन्सिलर, खाली गर्दी, कुणी उलटी छत्री धरलीय, कुणी टोपी. आप्पांनी उपरणं पसरलं आणि तीन बन धरले. "जेजुरीला खोबरं उधळत्यात तसंच की," एवढं म्हणून त्यांनी एक तिथल्या तिथे खाल्ला. त्याच म्युझियममध्ये जुने जुने बन वार्निश लावून जपून ठेवलेत, ते बघून मात्र ते गप्प झाले, अन्नाला वार्निश हे काही त्यांना झेपलं नाही.

मग जूनमध्ये यॉर्कशरला फिरायला गेलो तेव्हा रिपनला थांबलो, मुद्दाम, कारण लॉर्ड रिपन आप्पांना शाळेपासून पाठ. १८८२ चा ठराव, स्थानिक स्वराज्य संस्थांचा जनक, दोन मार्क. तो व्हाइसरॉय भारतातून परतल्यावर पुढे १८९५ मध्ये ह्या चिमुकल्या रिपनचा मेयर झाला होता, हे काही आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं. एवढा हिंदुस्थान सांभाळून आलेला माणूस नि नगराध्यक्ष! आज तिथली काउन्सिल म्हणायला सिटी, पण दर्जा आमच्यासारखाच, सगळ्यात खालची पायरी. रात्री नऊ वाजता चौकातल्या उंच खांबाच्या चारही कोपऱ्यांवर एक माणूस मोठं शिंग फुंकतो, गावाची राखण सुरू झाली म्हणून, रोज रात्री, शेकडो वर्षं. राखण आता पोलिसांकडे, शिंग अजून गावाकडे. थंडीत कुडकुडत ऐकलं. आप्पांनी टोपी काढली होती.

माझं खरं काम मात्र वाफ्याचं आहे. अलॉटमेंट म्हणतात त्याला, भाजी पिकवायला काउन्सिल भाड्याने जमीन देते, १९०८ च्या कायद्याने तशी मागणी सहा मतदारांनी मिळून लेखी केली तर तिला विचार करावाच लागतो. माप अजून जुनं, एक पूर्ण वाफा म्हणजे १० रॉड. हे रॉड प्रकरण मला काही कळेना, आप्पांनी बसल्या बसल्या एकरावरून हिशोब लावला आणि म्हणाले, अडीच गुंठे. बरोब्बर अडीच. "अडीच गुंठ्यात मेथी, कोथिंबीर आन एक ओळ गवार." गवार इथे येईल असं मला वाटत नाही, पण मी वेटिंग लिस्टवर नाव घातलं. सध्या एकोणिसावी आहे.

बाकडं सप्टेंबरात बसलं, तोपर्यंत आप्पा परत गेले होते. परवा तिथे बसची वाट बघत बसले होते तर शेजारी मेयर, साखळी नाही, झगा नाही, पायाशी सुपरमार्केटची पिशवी, पिशवीतून लीकची, म्हणजे इथल्या जाड कांदापातीची, पात बाहेर आलेली. मी म्हटलं बाकडं छान झालं, आणि बोलता बोलता सांगितलं की चौकातलं घड्याळ चार मिनिटं मागे आहे. त्यांनी वर बघितलं, मग स्वतःच्या मनगटाकडे. म्हणाले, हो, आहे खरं, पण मी एकटा काही सांगू शकत नाही, ठरवायचं ते अख्ख्या काउन्सिलने, तुम्ही असं करा, क्लार्कला एक ईमेल टाका, म्हणजे पुढच्या मीटिंगला विषय घेता येईल.

बस आली तेव्हा आम्ही दोघंही घड्याळाकडेच बघत होतो.