फ्लोराइड इलेक्ट्रोड आणि शेवटी वाकणारी रेषा

द्रावणातील आयनांची संहती आणि इलेक्ट्रोडचा विद्युत विभव यांचे नाते सांगणारे नर्न्स्टचे समीकरण पदवीच्या विद्यार्थ्यांना तोंडपाठ असते, पण त्यातला विभव नेमका कोठे आणि कशामुळे निर्माण होतो, असे विचारले की बहुतेक जण गप्प होतात. म्हणून विद्युतरसायनाच्या प्रात्यक्षिकांत फ्लोराइड आयनांच्या सेन्सरला, म्हणजेच फ्लोराइड इलेक्ट्रोडला, मानाचे स्थान असावे, असे माझे ठाम मत आहे.

फ्रँट आणि रॉस यांनी १९६६ मध्ये जगापुढे आणलेल्या या इलेक्ट्रोडच्या टोकाला लँथॅनम फ्लोराइडचा स्फटिक असतो. त्यात थोडे युरोपियम मिसळल्याने स्फटिकजालकात रिकाम्या जागा तयार होतात आणि त्यांतून फ्लोराइड आयन सरकू शकतात. या स्फटिकाच्या पटलावर ऑक्सिडीकरण किंवा क्षपण होत नाही, तरीही विभव मिळतो. ही गोष्ट पचायला विद्यार्थ्यांना वेळ लागतो आणि तो वेळ त्यांना द्यायलाच हवा.

फ्लोराइडची संहती ठाऊक असलेली प्रमाण द्रावणे दहा-दहा पट विरल करत नेली, की २५ अंश सेल्सिअसला दर टप्प्यागणिक वाचन सुमारे ५९ मिलिव्होल्टने वाढते. मोजणी मात्र विरल द्रावणाकडून संहत द्रावणाकडे करावी, म्हणजे आधीच्या द्रावणाचा अंश पुढच्या वाचनात फारसा डोकावत नाही. अतिविरल टोकाला, साधारण एक दशलक्षांश (१०⁻⁶) मोलरच्या आसपास, वाचन आणि संहतीचा लॉगॅरिदम यांच्या आलेखाची सरळ रेषा वाकू लागते. विद्यार्थी ते बिंदू चुकीचे समजून खोडू पाहतात, तेव्हा त्यांना थांबवावे, कारण स्फटिक स्वतःच किंचित विरघळून फ्लोराइड सोडत असल्याची खूण तेथेच दिसते.

यापुढचा प्रयोग मला सर्वांत मोलाचा वाटतो. प्रमाण द्रावणात ॲल्युमिनियम क्षाराचे काही थेंब टाकले, की एकूण फ्लोराइड तेवढेच असूनही वाचन चढते, कारण ॲल्युमिनियमने फ्लोराइड बांधून ठेवलेले असते आणि इलेक्ट्रोडला फक्त मुक्त आयन कळतात. मग ॲल्युमिनियमला स्वतःकडे ओढणारे संयुग असलेले, सामू पाचच्या थोडा वर राखणारे बफर मिसळावे. वाचन हळूहळू खाली येऊ लागते. हे बफर पहिल्या तासालाच तयार करून हाती दिले, तर ते कशासाठी असते हे कोणी विचारतच नाही.

एक मिलिव्होल्टची चूक म्हणजे संहतीत जवळजवळ ४ टक्क्यांची चूक. त्यामुळे अज्ञात नमुन्याचे उत्तर किती दशांश स्थळांपर्यंत लिहावे, याचे कारण जर्नलमध्ये शब्दांत मांडायला मी सांगतो आणि त्याला स्वतंत्र गुण ठेवतो.