फ्रागोनारचा पिवळा झगा आणि न वाळणारा पांढरा रंग: माझा अनुभव

तैलरंग शिकण्यासाठी गेल्या हिवाळ्यात मी एकाच चित्राची नक्कल करायला घेतली. अठराव्या शतकातला फ्रेंच चित्रकार फ्रागोनार याने 1769 च्या सुमारास रंगवलेले, पिवळ्या झग्यात उशीला टेकून पुस्तक वाचणाऱ्या मुलीचे ते चित्र वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरी ऑफ आर्टमध्ये आहे. व्हर्जिनियातल्या आमच्या घरून मेट्रोने तेथे जाता येते, त्यामुळे मूळ चित्र पुन्हा पुन्हा पाहता आले. घरी काम करताना गॅलरीने विनामूल्य उपलब्ध करून दिलेली मोठी प्रतिमा समोर असे. चौकोन आखून रेखाटन आणि अंबर या तपकिरी मातीच्या रंगाने केलेला तळ, हे दोन शनिवारांत आटोपले. अंबर दुसऱ्या दिवशीच वाळला आणि सगळे रंग असेच वाळतील, असा माझा समज झाला.

झग्यासाठी कॅडमियम पिवळ्यात टायटॅनियम पांढरा मिसळून मी जाड थर दिला. दुकानदाराने दोन-तीन दिवस सांगितले होते. नवव्या दिवशी अंगठा टेकवला, तर त्याचा ठसा जसाच्या तसा उमटला. अकराव्या दिवशी मला धीर धरवेना, म्हणून चुण्यांच्या सावल्यांसाठी टर्पेंटाइनमध्ये पातळ केलेला तपकिरी रंग वरून फिरवला. त्याने खालचा पिवळा विरघळवला आणि उजवी बाही चिखलासारखी झाली. पॅलेट नाइफने ती खरवडून काढताना मला रडू आले, हे लिहायला मला संकोच वाटत नाही.

झगा न वाळण्याचे कारण पांढऱ्याच्या नळीवरच बारीक अक्षरांत छापलेले होते: त्या पांढऱ्यात जवसाचे नव्हे, करडईचे तेल होते. तैलरंग पाण्यासारखा उडून वाळत नाही; तेल हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होते, आणि करडईचे तेल त्याला जवसापेक्षा जास्त दिवस लावते. कॅडमियमही सावकाश वाळतो, तर अंबरमधले मँगनीज हे काम लवकर घडवून आणते. त्यात माझे चित्र थंड तळघरात, भिंतीकडे तोंड करून ठेवलेले. दुकानात कोणी एवढे सांगितले असते तर माझे तीन आठवडे वाचले असते, याचा राग अजून गेलेला नाही. नंतर मी जवसाच्या तेलातला पांढरा आणला, थर पातळ ठेवला आणि चित्र दक्षिणेकडच्या खिडकीशी नेले. पुढच्या शनिवारी ते बोटाला लागले नाही.

 

गळ्याभोवतीच्या चुणीदार पांढऱ्या पट्टीपाशी मात्र माझी अडचण उलटी झाली. फ्रागोनारने तिच्या चुण्या ओल्या रंगात ब्रशच्या दांड्याच्या टोकाने ओरखडून काढल्या आहेत. मूळ चित्राजवळ उभे राहिले की त्या चऱ्या स्पष्ट दिसतात. मी नव्या रंगाने पट्टी एका शनिवारी भरली आणि ओरखडे पुढच्या शनिवारी काढायला बसलो. तोवर रंगावर साय धरली होती, आणि दांडा फिरवताच ती तुकड्यातुकड्यांनी सुटून आली. त्याच सुमाराच्या, पॅरिसच्या लूव्ह्र संग्रहालयातल्या फ्रागोनारच्या एका व्यक्तिचित्रामागे ‘एका तासात रंगवले’ अशी नोंद आहे; म्हणजे ओरखडेही रंग भरल्या बैठकीतच, तो ओला असताना काढायला हवे होते. पट्टी पुन्हा खरवडून मी बाजूला ठेवलेली करडईची नळी काढली, जाड रंग भरला आणि त्याच बैठकीत दांडा उलटा धरून, मनगट सैल सोडून, वरून खाली ओढत गेलो. हात चुकला तेथे रंग बोटाने सारखा करून पुन्हा ओढता आले, कारण तो संध्याकाळपर्यंत ओलाच होता. दांड्याच्या दोन्ही बाजूंना पांढऱ्याचे उंच काठ उभे राहिले आणि मधून खालचा तपकिरी तळ दिसू लागला, अगदी गॅलरीत दिसतो तसा.